मधलं कोरं पान

पैज लागली ती जिन्यात, आणि लावली तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी. तिसऱ्या मजल्यावरचा पट्टीवाला, म्हणजे पुस्तकांची पानं मांडणारा आपला गडी, चारचौघांत फुशारक्या मारत होता. संग्रहालयाचं पुस्तक हातात आलंय. डावीकडून जर्मन सुरू, उजवीकडून जपानी, तीही उभ्या ओळींत. दोन्ही भाषा चालत चालत बरोबर मधोमध भेटणार.

"एक बाही आखूड पडणार बघ," काका म्हणाले. "मध्ये पान कोरं राहणार."

"एकही राहणार नाही. तीन आठवड्यांनी शनिवारी, दुपारी बाराला काम पाठवतो."

"राहिलं तर माझा तो शिवताना फसलेला गाऊन घालून चारी मजले झाडायचे. दिवसाढवळ्या."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी घालीन. मला येतो तो. घालून बघितलाय."

पट्टीवाला हसत वर गेला. ते हसू पुढे तीन आठवडे दिसलं नाही.

जर्मन शब्द म्हणजे मालगाडी. ओळीत मावेना, आणि तोडला की संग्रहालयाच्या संपादिकाबाईंचा फोन, "इथे नाही तोडायचा." जपानीत पूर्णविरामाचं इवलंसं वर्तुळ नव्या ओळीच्या डोक्यावर जाऊन बसे. ते तिथे चालत नाही. ते मागे ओढावं तर पुढची पानंच्या पानं सरकत. इकडे दाबलं की तिकडे फुगे. आणि एवढं करून जपानी एक पान आधीच संपे.

"हे नीट झालं तर पुढची पाच पुस्तकं तुझी," बायको म्हणाली. "नाहीतर परत औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर मांडत बस. तुझ्या डोक्यात मात्र गाऊन."

शनिवारी सकाळी त्याने जपानी अक्षर केसभर मोठं केलं. बसलं! कोरं पान गायब! नाचत नाचत त्याने छापलेली पानं बायकोपुढे धरली.

तिने नुसती नजर टाकली. "जपानी ओरडतंय, जर्मन कुजबुजतंय."

"कोणाला कळणारे?"

"मला कळलं. आणि मला दोन्हीतलं ओ की ठो वाचता येत नाही."

त्याने कपाळावर हात मारला. घड्याळात साडेअकरा. खोकी डोळ्यांपुढे आली, गाऊनही आला. दात-ओठ खात त्याने अक्षर परत लहान केलं. मधलं पान पुन्हा कोरं. मग जीव मुठीत धरून बाईंना फोन.

"मध्ये एक पान मोकळं राहतंय..."

"राहू द्या की! दोन भाषांच्या मध्ये जरा थांबायला बरं. पाठवा. सोमवारी पुढच्या पुस्तकाचं बोलू."

"म्हणजे... चालणार होतं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

"अहो बाई, तीन आठवडे!" तो इतक्या जोरात ओरडला की तळमजल्यावर काकांचं मशीन थांबलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी अख्खी इमारत जिन्यात. गाऊनची एक बाही कोपरापर्यंत, दुसरी गुडघ्यापर्यंत. पट्टीवाला चौथ्या मजल्यापासून झाडत, चरफडत खाली येत होता.

"बाया तरी बऱ्या झाडतात," वरून कोणाची तरी सासू म्हणाली.

"मग या खाली, आजी!"

दुसऱ्या मजल्यावर गाऊन खांद्यावरून घसरला. काका तोंडात टाचण्या धरून धावत वर आले आणि तिथल्या तिथे शिवण आत घ्यायला लागले.

"हलू नको," ते टाचण्यांआडून म्हणाले. "माझं नाव जातंय. लोक फोटो काढतायत."