पाणी उतरल्यावर काय दिसतं

म्युरित्झ तळ्याच्या काठावर सामान टेकवतोय तोच सासूबाईंनी पहिला प्रश्न टाकला.

"याची भिंत कुठल्या बाजूला?"

"कसली भिंत, आई?"

"अगं, धरणाची. एवढं पाणी कुणीतरी अडवलं असेलच ना."

जर्मनीच्या पार दक्षिणेतल्या आमच्या झिंडेलफिंगेनहून दिवसभर गाडी हाकत आम्ही आलो होतो ते या पाण्यासाठी. समोर शिडाच्या होड्या, कायाक, टॉवेल अंथरून पसरलेले लोक. पूर्वेचा हा काठ उथळ, लांबवर चालत गेलं तरी पाणी कमरेलाच. आजीला पोहायला नेणार, असं माझ्या लेकीनं, उर्जानं, आधीच जाहीर केलं होतं. आजी लहानपणी नदीत पट्टीची पोहणारी होती, हे तिला तिच्या बाबानं, प्रसन्ननं सांगितलेलं. धरणात माहेरचं गाव बुडालं तेव्हापासून आजीनं पाण्यात पाय घातला नाही, हेही सांगितलेलं. उर्जानं त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं.

"आजी, कोम, बिट्टे!" ये ना, प्लीज, अशा ती पाण्यातून जर्मनमध्ये हाका मारत होती.

"थांब गं जरा."

प्रसन्न इंजिनिअर, समजावून सांगायला मिळालं की खूश. "आई, हे धरण नाही. हिमयुगात इथं बर्फाचे डोंगर होते. त्यांनी जमीन खरवडली, मग ते वितळले. गेनाऊ, अगदी एवढंच."

"त्याआधी इथं गाव कुठलं होतं?"

"गावं नव्हतीच गं."

पोराच्या शब्दावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. त्या थेट होड्या भाड्यानं देणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेल्या. दुभाषी अर्थात मी.

"विचार याला, पाणी उतरलं की काय वर येतं?"

मी विचारलं. तो म्हणाला, दगड.

"घडवलेले की साधे?"

मला हसू आलं आणि वैतागही. सुट्टीला आलोय की सर्व्हेला? मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या गावच्या धरणात मे महिन्यात देवळाचा कळस उघडा पडतो. गावची माणसं बघायला जातात, या एकदाही गेलेल्या नाहीत. माझं हसू पार गेलं. मी म्हाताऱ्याला पुन्हा, नीट विचारलं.

"साधे," मी सांगितलं. "बर्फानं आणून टाकलेले."

"म्हणजे खाली कुणाचं घर नाही."

"नाही, आई."

त्यांनी ओढणी माझ्या हातात दिली आणि अंगावरच्या ड्रेससकट पाण्यात शिरल्या. पाणी छातीला लागेपर्यंत चालल्या, मग आडव्या होऊन हात मारू लागल्या. इतक्या वर्षांनी एकही हात चुकला नाही. मला रडू यायला लागलं. उर्जा त्यांच्या शेजारी धापा टाकत पोहत होती.

"आजी, खाली काय आहे?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी बुडी मारली. वर आल्या तेव्हा मूठ घट्ट मिटलेली होती. ती त्यांनी उर्जासमोर उघडली.

"वाळू," आम्हाला काठावर ऐकू येईल इतक्या मोठ्यानं त्या म्हणाल्या, "नुसती वाळू आहे गं." आणि पुन्हा बुडी मारली.