कोरे दोषपत्रक

बोलक्या पुस्तकांच्या त्या ध्वनिमुद्रणगृहात गुरुजींचे काम एकच होते. छापील संहिता मांडीवर घ्यायची, हेडफोन लावायचे आणि वाचणाऱ्याचा शब्द जेथे घसरेल तेथे दोषपत्रकावर नोंद करायची. व्याकरण शिकवण्यात हयात गेलेल्या त्या कानांतून चुकीचा ऱ्हस्वही निसटत नसे. खुनाच्या कथांचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. "प्रेत पडल्याशिवाय ज्यांच्याने पान उलटवत नाही, त्यांच्यासाठी हे," असे म्हणत त्यांनी ही कादंबरी नाइलाजाने हाती घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती संपली, तेव्हा त्यांच्या छातीत धडधडत होते. खुनी सापडला होता. दोषपत्रक कोरे होते.

संचालिकाबाई ते पाहून उडाल्याच. "एकही खूण नाही? अहो, माझ्या वाचनाची तुम्ही चाळण केली होतीत! म्हणजे ही पोरगी कायम. संध्याकाळी नेमणुकीचं पत्रच देते."

ही कादंबरी वाचणारी नवी वाचिका दारात उभी होती. "आईला कळवू ना, गुरुजी?"

"हं," ते म्हणाले, आणि त्या हुंकारानेच त्यांचा जीव टांगणीला लागला. चुका नव्हत्या, की आपण ऐकल्याच नव्हत्या? संहितेची पाने उलटल्याचेही स्मरेना. शब्द राखायला बसलेला मनुष्य खुन्याच्या मागे धावत सुटला होता!

ते पुन्हा बसले. या वेळी ओळीओळीवर बोट. सातव्या प्रकरणात बोट अडले. आवाज पुढे निघून गेला होता. डॉक्टरच्या हातमोज्याचा अख्खा परिच्छेद गळला होता, आणि पुढचा सारा उलगडा त्यावरच उभा होता. त्याहून लाजिरवाणे म्हणजे, आठवे प्रकरण लागताच, सारे ठाऊक असूनही, बोट ओळीवरून पुन्हा सुटले.

त्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि लेखणी उचलली.

वाचिका जिन्यात भेटली. तिने कागद वाचला; चेहरा उतरला. खाली आणखी एक ओळ होती: 'तपासनीस कथेत रमला. फेरतपासणी अन्याकडे द्यावी.'

"रमलात? तुम्ही?"

गुरुजींनी नजर वळवली. मग न राहवून हलकेच विचारले, "खुनी तोच, हे तुला आधी कळले होते का गं?"

"नाही," ती म्हणाली; पण तिला हसू आले नाही. "माझं पत्र आता?"

त्याचे उत्तर कार्यालयात, कागद वाचून झाल्यावर, बाईंनी दिले. "परिच्छेद पुन्हा वाच. पत्र महिनाभर थांबेल." ती गेल्यावर त्यांनी चष्मा काढला. "आणि गुरुजी, उद्या तुमच्या जागी बसवू कोणाला?"

"ज्याला असल्या कथा आवडत नाहीत, अशा कोणाला तरी."

"तसाच तर बसवला होता."