जाण्यापुरतं पेट्रोल

सिद्धूनं हात लावला आणि एंजिन सुरू झालं नाही, असं इस्लामपुरात तरी कुणी पाहिलं नव्हतं. खटावाकडच्या माळावरचं हे धनगराचं पोर मेंढरं भावांच्या हवाली करून पलटणीत गेलं, तिथं पंधरा वर्षं गाड्यांची पोटं उघडझाक करत राहिलं आणि पेन्शनीत आल्यावर एस. टी. स्टँडाच्या मागं पत्र्याचं गॅरेज टाकून बसलं. ट्रॅक्टर असो, राजदूत असो, डिझेल पंप असो, सिद्धू आधी ऐकायचा आणि मगच पाना उचलायचा. एंजिन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं तो म्हणायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात एका बुधवारी लालासाहेब त्याच्या दारात येऊन उभा राहिला. कृष्णाकाठचा बागाईतदार, चाळिशीतला, अंगानं थोराड, बोलायला कमी. थोरल्या भावाची मोटारसायकल आठ वर्षं गोठ्यात उभी आहे, ती सोमवारपर्यंत चालू करून पाहिजे, असं त्यानं सांगितलं. मंगळवारी सकाळी त्याला साताऱ्याला जायचं होतं. आठ वर्षं उभी असलेली गाडी चार दिवसांत साताऱ्यापर्यंत पळवायची म्हणजे अवघड आहे, त्यापेक्षा एस. टी. बरी, असं सिद्धूनं सुचवून पाहिलं. लालासाहेबानं मान हलवली. "त्याच गाडीवरनं जायाचं हाय," एवढंच म्हणाला.

थोरला भाऊ म्हणजे आप्पासो. सिद्धूनं त्याला पाहिलं नव्हतं, पण गोष्ट ऐकलेली होती. आप्पासोही पलटणीतलाच. लष्कराच्या लिलावात त्यानं ही लढाईच्या काळातली विलायती गाडी घेतली होती. पेन्शनीत येऊन वर्ष झालं नसेल तोच उसातल्या गाडीवाटेवरून चुलतभावाशी तंटा पेटला, आणि एके दिवशी त्या चुलतभावानं, नाथाजीनं, वाटेत गाडी अडवून आप्पासोच्या डोक्यात कोयता घातला. गाडी लोकांनी ढकलत घरी आणली. तेव्हापासून ती उभीच होती.

गुरुवारी सिद्धू सायकलवर हत्यारांची पिशवी लावून वस्तीवर गेला. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यांखाली गाडी होती. वर कोंबड्यांची घाण, टाकीत गंज, टायर बसलेले. पण पोतं ओढल्याबरोबर सिद्धूला पलटणीतले दिवस आठवले. असल्या गाड्या त्यानं डोळे मिटून खोलल्या होत्या. त्यानं किक हातानं दाबून पाहिली. पिस्टन मोकळा होता आणि दाबही चांगला धरत होता. ठिणगी मात्र नव्हती. मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीवाचून ठिणगी तयार करणारा डबा, ओलीनं पार मरून गेला होता. तो काढून त्यानं गॅरेजात नेला, शुक्रवारभर उन्हात वाळवला, आतली टोकं घासली आणि शनिवारी पुन्हा बसवला. आता निळी, टणक ठिणगी पडत होती. टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं. जेवण झालं की प्लग बदलून सुरू करतो, असं सांगून तो जेवायला बसला.

जेवून येऊन किक मारली, तर एंजिन हूं की चूं करेना. विसाएक किका झाल्या. शेवटी कार्बोरेटर खोलला, तर खालच्या वाटीत पेट्रोलखाली पाण्याचे मणी लोळत होते. टाकी तर त्यानं सकाळीच कोरडी केली होती. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं म्हणून त्यानं सगळं ओतून दिलं आणि दुसऱ्या दिवशी यायचं ठरवलं.

लालासाहेब दोन्ही दिवस गोठ्याच्या दारात बाजेवर बसून होता. ऊसतोड चालू होती, माणसं विचारायला येत होती, पण तो जागचा हलत नव्हता. साताऱ्याला पोचायला किती वेळ लागेल, वाटेत बंद पडली तर काय करायचं, हे तो शांतपणे विचारत होता. सिद्धूनं सांगितलं, उद्या टाकी भरून देतो, जाऊन यायला पुरून उरेल.

"परत यायचं ऱ्हाऊ दे," लालासाहेब म्हणाला. "जाण्यापुरतं घाल."

सिद्धू हातातला पाना पुसत होता, तो तसाच थांबला. लालासाहेब थट्टा करत नव्हता. त्याच आठवड्यात तो तलाठ्याकडं जाऊन जमीन पोरांच्या नावावर लावायला सांगून आला होता, हे सिद्धूनं वाटेत चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता परतताना ते आठवलं आणि तो सायकल हातात धरून चालतच निघाला.

रविवारी सकाळी पुन्हा ठिणगी नाही. काल निळी पडणारी ठिणगी आज मेलेली. सिद्धूनं मॅग्नेटोचं झाकण काढलं, तर ठिणगी प्लगकडं नेणारा आतला कोळशाचा तुकडा गायब. करंगळीच्या नखाएवढा तो तुकडा, मागं स्प्रिंग, वर दोन स्क्रूंचं झाकण. तो आपसूक पडणं शक्यच नव्हतं. स्क्रूच्या खाचा विळीच्या टोकानं फिरवल्यासारख्या चेपल्या होत्या, आणि एका खाचेत ज्वारीचं पीठ बसलं होतं.

म्हणजे हे गाडीचं दुखणं नव्हतं. घरातल्या कुणालातरी ही गाडी चालू व्हायला नको होती. सिद्धूला वाटलं, लालासाहेबाची बायको असणार. नवरा काय करायला निघालाय हे बायकोला नाही कळणार तर कुणाला?

थोड्या वेळानं मुकादमानं बोलावलं म्हणून लालासाहेब फडाकडं गेला. तेवढ्यात चहा आला. घेऊन आली ती तानुबाई, आप्पासोची विधवा. पन्नाशीतली, कपाळ मोकळं, पदर डोक्यावर. तिनं कपबशी दगडावर ठेवली. बशीत कपाशेजारी तो कोळशाचा तुकडा होता.

"समदं ह्यांनीच दाखवलं हुतं मला," ती म्हणाली. "गाडी खोलून बसलं की मी दिवा धरायची."

सिद्धूनं तुकडा उचलून तळहातावर घेतला. मग तिनं बसून सगळं सांगितलं, आवाज न चढवता, निवडणं निवडावं तसं. नाथाजी मंगळवारी सकाळी साताऱ्याच्या तुरुंगातून सुटणार होता. लालासाहेबानं आठ वर्षांपूर्वी देवापुढं हात ठेवून भाक दिली होती, की भावाच्या गाडीवरनं जाईन आणि तुरुंगाच्या दारातच त्याला आडवा करीन. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा लालासाहेब दहा वर्षांचा होता, तिच्याच हातचं खाऊन वाढला होता. तिला स्वतःला मूल नव्हतं. लालासाहेबाची तीन पोरं तिनंच अंगाखांद्यावर वाढवली होती.

"नवरा माजा गेला, मिस्तरी. सूड घ्यायचा का न्हाई, हे मला आजपातुर कुनी इचारलं न्हाई. ह्या घरातला एक गेला. आता दुसरा फासावर जाणार, आन् ती पोरं कोयता घिऊन मोठी व्हनार."

नाथाजीच्या बायकोशी ती गुपचूप बोलून आली होती. नाथाजी गावात येणार नव्हता, सरळ खंडाळ्याकडं सासुरवाडीला जाणार होता. ऊस कारखान्याला गेला की त्याची बायकोही पोरं घेऊन कायमची तिकडं जाणार होती. एवढं व्हायला दोन महिने पाहिजे होते. गाडी तेवढी बंद ठेव, असं तानुबाईचं म्हणणं होतं.

सिद्धूनं तिला खरं ते सांगितलं. आपण नाही केली तर कऱ्हाडचा मिस्तरी करेल. मंगळवार टळला तर बुधवार येईल. मेलेलं एंजिन दोन महिने मेलेलं ठेवता येत नाही.

"मग काय थांबवंल त्यास्नी?" तिनं विचारलं.

उत्तर सिद्धूला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचीच त्याला भीती वाटत होती. पलटणीत अंबाल्याला त्यानं एका जवानाची नडगी मोडताना पाहिली होती. असल्या जुन्या एंजिनात ठिणगी वेळेच्या फार आधी पडली, तर वर येणारा पिस्टन उलटा ढकलला जातो, आणि किक मारणाऱ्याच्या पायावर ती किक घणासारखी उलटून येते. मॅग्नेटो फक्त दोन दात पुढं सरकवायचा. बाहेरून काही दिसत नाही.

त्या रात्री त्यानं भाकरीला हात लावला नाही. जन्मभर त्यानं यंत्रं दुरुस्त केली होती. यंत्राकडून माणूस मोडून घ्यायचं पाप त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. पायावर निभावेल की गडी डोक्यावर आपटेल, हे तरी कुणी सांगावं? आणि कळलं तर लालासाहेब त्यालाच जिता सोडेल का?

सोमवारी दुपारी त्यानं कोळसा बसवला, झाकण लावलं, आणि लालासाहेब पाणी प्यायला उठला तेवढ्यात मॅग्नेटो पुढं सरकवून आवळला.

नेहमी पहिली किक सिद्धूच मारायचा. आज तो म्हणाला, झालंय. लालासाहेबानं धोतराचा काचा मारला आणि पुढं झाला. उद्या आपल्यालाच एकट्याला मारायची आहे, तेव्हा आजपासूनच सवय करतो, असं म्हणत त्यानं पाय ठेवला. थांबा, एवढंच सिद्धूला म्हणायचं होतं. समोर सोप्याच्या दारात तानुबाई उभी होती. तिचं लक्ष गाडीवर नव्हतं, मॅग्नेटोवर होतं. सिद्धूनं तोंड मिटलं.

लालासाहेबानं सगळं अंग किकवर टाकलं. बार उडाल्यासारखा आवाज झाला, आणि त्याच्या मागोमाग वाळलेलं लाकूड मोडावं तसा दुसरा. एवढा थोराड गडी, पण गुरांच्या दावणीवर जाऊन पडला. पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. तो ओरडला नाही. दातावर दात दाबून तो सिद्धूकडं बघत राहिला, माणसं गोळा होऊन त्याला उचलेपर्यंत.

त्याला ट्रॉलीत गादी घालून मिरजेला नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर झालं, तीन महिने उठायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. मंगळवार उगवला आणि मावळला. नाथाजी सुटला, गावाकडं फिरकला नाही. माघात त्याच्या बायकोनं घराला कुलूप घातलं. तानुबाईनं मॅग्नेटो स्वतःच्या हातानं खोलला आणि कृष्णेच्या डोहात टाकला.

सिद्धू गॅरेजात बसून वाट पाहत राहिला. दारात सावली पडली की तो पाना खाली ठेवून वर बघायचा. होळी झाली, आणि एका सकाळी ती सावली खरोखर आली. लालासाहेब काठी टेकत आत आला आणि तेलकट बाकावर बसला. सिद्धूनं चहा मागवला.

"ती चूक न्हवती," लालासाहेब म्हणाला.

"न्हवती," सिद्धू म्हणाला. "मीच केलं."

कुणी करायला सांगितलं, असं लालासाहेबानं विचारलं. कुणी नाही, सिद्धू म्हणाला. लालासाहेब किंचित हसल्यासारखा झाला. "लबाड बोलू नगंस. वैनीनं सांगितलंय मला समदं. जेवाय वाढता वाढता म्हनली, भावजी, सूड कुनाचा? तुमचा का माजा?"

"मग?"

"मग काय? जेवलो."

चहा निवून गेला. लालासाहेब काठीवर भार देऊन उठला आणि दाराशी थबकला. देवापुढं दिलेली भाक आता कुठं नेऊन टाकायची, हे मात्र वैनीनं सांगितलं नाही, असं म्हणाला. मग रस्त्याकडं बघत त्यानं विचारलं, "खंडाळ्यावरनं जाणारी गाडी किती वाजता हाय रं?"

खंडाळ्यावरनं जाणारी ती पुण्याची गाडी, अकराला सुटायची. स्टँडाच्या मागंच गॅरेज, सिद्धूला प्रत्येक गाडीची वेळ पाठ होती. त्यानं ठाऊक नाही म्हणून सांगितलं. लालासाहेब मान हलवून स्टँडात गेला आणि बाकड्यावर बसला. सिद्धू पत्र्याआडून बघत राहिला. अकराला गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं दोरी ओढली. धूळ बसली तेव्हा लालासाहेब बाकड्यावरच होता, काठी गुडघ्यांवर आडवी. बारा वाजता गावाची गाडी आली, तिच्यात तो चढला.

पुढं चौदा वर्षं तो जगला. खंडाळ्याला कधी गेला नाही. पण दर वर्षी होळी झाली की एक दिवस इस्लामपूरला यायचा, सिद्धूकडं न वळता त्याच बाकड्यावर बसायचा आणि पुण्याची गाडी निघून जाईपर्यंत उठायचा नाही. त्या दिवशी सिद्धू अकरा वाजेपर्यंत कुठल्याच गाडीला हात लावत नसे.