झाडाला पाणी कोण घालतं

मी दुर्मीळ वनस्पती नोंदणी खात्यात दर्जा विभागात बसतो. कुठलं झाड किती संकटात आहे हे ठरवून त्याच्या नावापुढे शिक्का मारायचा, हे माझं काम. असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, नामशेष. बावीस वर्षं मी हे शिक्के मारतोय आणि आजवर एकाही झाडाने तक्रार केलेली नाही. ज्यांचा माणसांशी संबंध येतो अशा खात्यांत माझे मित्र आहेत, त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

माझ्या कपाटातल्या फायलींतलं एक झाड एका बेटावर आहे. जगात फक्त तिथेच. गुडघ्याएवढं, राखाडी पानांचं, चार वर्षांतून एकदा फुलणारं आणि फुललं तरी कुणाच्या लक्षात न येणारं. सापडलं तेव्हा अशी तीन झाडं होती. त्यातली दोन आमच्या खात्याने जपणूक म्हणून शहरातल्या काचघरात आणली. पहिलं चार महिने जगलं, दुसरं पाच. दुसऱ्याच्या वेळी प्रगती झाल्याची नोंद आहे.

उरलेल्या झाडाची दर पाच वर्षांनी पाहणी होते. आमचे जुने पाहणी अधिकारी ती होडीत बसूनच करायचे, कारण एकदा उतरलं की परत चढणं त्यांच्या जिवावर यायचं. दुर्बीण लावायची, "आहे" म्हणायचं आणि होडी वळवायची. यंदा ते निवृत्त झाले. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"तुमची आत्या राहते ना त्या बेटावर? मग तुम्हीच जा."

आत्या तिथल्या टपाल कचेरीत होती. कचेरी बंद झाली, आत्या राहिली. मी लहान असताना आई दोन वर्षं आजारी होती, तेव्हा आत्यानेच मला सांभाळलं. पोहायला आणि खोटं न बोलायला तिने शिकवलं. पोहायला मला अजून येतं. गेली सहा वर्षं मात्र मी बेटावर फिरकलो नव्हतो. दर रविवारी फोन करायचो. ती "मी मजेत" म्हणायची आणि मी ते खरं धरायचो, कारण तसं धरणं सोयीचं होतं.

धक्क्यावर ती उभी होती. निम्म्याने आटल्यासारखी दिसली.

"ये रे ठोंब्या," ती म्हणाली. "पोट केवढं सुटलंय तुझं. खात्याने दिलं का?"

झाड तिच्या घरापासून दहा मिनिटांवर, खडकाच्या उतारावर. भोवती आमच्या खात्याने बांधलेली सिमेंटची भिंत आणि 'हात लावू नये' अशी पाटी. झाड तरतरीत होतं. मी फॉर्म काढला. उंची, पानं, कीड, सगळं भरलं आणि नवव्या रकान्याशी आलो. पाण्याचा स्रोत. पर्याय पाच: पाऊस, दव, झरा, प्राणी, मनुष्य.

"वरून झरा पाझरतो ना इथे?" मी विचारलं.

"पाझरायचा. तुम्ही भिंत घातलीत आणि तो पलीकडून समुद्रात जायला लागला. अकरा वर्षं झाली."

"मग पाणी?"

"मी घालते की. भाज्या धुतलेलं. रोज सकाळी एक डबा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नियम असा की माणसाने पाणी घातलं की झाड जंगली राहत नाही, बागेतलं ठरतं. एकच झाड आणि तेही बागेतलं, म्हणजे 'नैसर्गिक अवस्थेत नामशेष'. आणि नामशेष झालेलं झाड खातं जागेवर ठेवत नाही. मुळासकट काढून काचघरात आणतं.

मी आत्याला हे समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी पाणी घातलं म्हणून ते मेलंय?"

"कागदावर."

"आणि घातलं नसतं तर?"

"तर खरंच मेलं असतं. पण जंगली म्हणून."

"तुला हे काम कुणी दिलं रे?" तिने विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मग ती झाडाकडे वळली आणि मला पाठमोरी असतानाच म्हणाली, "ती दोन नेली तेव्हा मीच खोकी बांधून दिली होती. हे नको नेऊस."

आत्याने आयुष्यात माझ्याकडे काहीही मागितलेलं नव्हतं.

मी नवव्या रकान्यात 'प्राणी' लिहिलं. खोटं नाही. खाली वर्णनाला दोन ओळी होत्या. 'दोन पायांचा. बेटावर कायम वास्तव्य. रोज सकाळी झाडाला भेट देतो व पाणी सोडतो.' सही केली. आपण फार हुशार आहोत असं मला होडी किनाऱ्याला लागेपर्यंत वाटत होतं.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता.

"अहो, केवढा शोध लावलाय तुम्ही! झाडाला पाणी घालणारा प्राणी! पक्षी असणार. मुख्य कचेरीत खळबळ उडालीये. त्याची नोंद आपल्याकडे आहे का?"

"नाही, साहेब."

"मग करा. झाड त्याच्यावर अवलंबून आहे, म्हणजे आधी त्याचा दर्जा ठरला पाहिजे. हा घ्या फॉर्म, प्राणी-चार. प्रत्यक्ष निरीक्षणाने भरायचा हं, टेबलावर बसून नाही."

बायकोला घरी सगळं सांगितलं. ती हसत सुटली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "पण आत्या डबा घेऊन त्या खडकावरून जातात? या वयात?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म पसरला. हसण्यावारी नेऊ, काहीतरी भरू, असं ठरवून आलो होतो. आत्या समोर बसून शेंगा सोलत होती.

एकूण संख्या: एक. वय: अठ्ठ्याहत्तर. पिल्लं: नाहीत. आढळ: एक घर, एक खडक. संख्येचा कल: हा रकाना मी सोडून दिला. धोके.

"धोके काय लिहू गं?" मी चेष्टेने विचारलं.

"शेवाळ," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात घसरले ना."

"कुठे घसरलीस?"

"तिथेच. उतारावर. दोन तास उठताच येईना. मग आलं उठता."

"मला सांगितलं नाहीस!"

"रविवारी तू विचारलंस, कशी आहेस. तोवर बरी झाले होते." तिने एक शेंग निवडून बाजूला टाकली. "डबा सांडला होता. पुन्हा भरून नेला."

मला राग आला. आधी तिचा आणि लगेच माझा. माझा पुरून उरण्याइतका होता. ही बाई दोन तास खडकावर पडून होती आणि त्या सकाळी मी बहुधा कुठल्यातरी गवताचा शिक्का सरळ बसला नाही म्हणून तो पुन्हा मारत होतो.

धोके: शेवाळ, उतार, गुडघे, एकटेपणा. मी खरं तेच लिहीत गेलो. शेवटचा रकाना होता: या प्रजातीच्या संरक्षणासाठी आतापर्यंत केलेले प्रयत्न. मी पेन खाली ठेवलं, उचललं, आणि लिहिलं, 'काहीही नाही.' आता फक्त दर्जा उरला. निकषांची बेरीज सरळ होती: अतिसंकटग्रस्त. हा शब्द मी चारशेच्या वर झाडांपुढे लिहिलाय, चहा पिता पिता लिहिलाय. या वेळी पहिलं अक्षरही उमटेना.

आत्याने हात पुसून कागद ओढून घेतला. चष्म्याशिवाय, लांब धरून वाचला.

"गुडघे नाही. एकच गुडघा. डावा."

मी दुरुस्ती केली. तिने शेवटच्या रकान्यापर्यंत वाचलं. तिथे बोट ठेवलं.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली, आणि कागद परत दिला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात होडीवाल्याचा फोन आला. तो धक्क्याला लागला होता आणि भरती उतरायच्या आत निघायचं म्हणत होता.

"आज नको," मी म्हणालो.

"मग उद्या येऊ?"

आत्याने शेंगांचं पातेलं मोरीवर नेऊन धुतलं, पाणी डब्यात ओतलं आणि डावा पाय ओढत दाराकडे निघाली. मी उठून तिच्या हातातून डबा घेतला. तिने लगेच सोडला नाही. मग सोडला.

"उद्याही नको," मी फोनवर सांगितलं. "माझ्या बायकोला घेऊन या. सामान जास्त असेल."