हॉर्नला झालेली बाधा

एका बाळंतपणामागे झुलाल भगताला एक कोंबडी, एक नारळ आणि रोख रुपया मिळे. मूल जगलं तर लुगडं वेगळं. गेलं तर दोष बाईच्या माहेरचा, कोंबडी मात्र परत होत नसे. असा बिनतोट्याचा धंदा नरडाण्याच्या बाजारातही कुणाचा नव्हता. पण नवे पैसे चालू झाले त्या साली सुनंदाबाई डॉक्टरीण फटफटीवरून गावोगाव फिरू लागल्या आणि धंद्याला खोट आली.

तरी नशीब भगताचंच. फटफटी त्याच्या दाराशी वळली की हॉर्न आपोआप कोकलायचा. बटणाला बोटही नसायचं.

त्या सकाळी भिकुबाईची सून मंजुळा कळा देत होती, म्हणून भिकुबाईच्या मुलाने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. फटफटी वळली, कोकलली, गाव जमलं. भगत आडवा उभा राहिला.

"चुडेल शे गाडीमा. हाई बाई तुना घरमा गयी, ते चुडेल बी जाई."

बाईंना घरी न्यायला आलेल्या भिकुबाईचा पाय अडला. गेल्या साली याच भगताचा अंगारा दोन दिवस चालला होता. दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत मंजुळाचा पहिला मुलगा गेला होता.

"अक्का, सून तुमची," सुनंदाबाई म्हणाल्या. "नको म्हणाल तर परत जाते. आधी चुडेल तर बघा."

त्यांनी फटफटी भगताच्या दारापासून दूर, भिकुबाईच्या गोठ्याशी ढकलत नेली. "धरा हँडल. डावीकडे वळवा."

भिकुबाईने डोळे मिटून वळवलं. पोंऽऽ. बैल बिचकला. उजवीकडे वळवलं, गप्प. पुन्हा डावीकडे, पोंऽऽ.

"चुडेल मना मांगे उनी," गोठ्यापर्यंत मागोमाग आलेला भगत म्हणाला.

"बरं. तुमच्या दाराशी रस्ता कुठे वळतो, भगत?"

"डावीकडेच ना, भो," गर्दीतून कुणी म्हणालं आणि लोक हसले.

सुनंदाबाईंनी हँडलवरची बटणाची डबी उघडली. पत्रा तडकलेला, त्याच्या धारेने तारेवरचं रबर खरवडलेलं. "बटण दाबलं की तार लोखंडाला टेकते, हॉर्न वाजतो. आता हँडल वळलं की उघडी तार आपली आपण टेकते." त्यांनी बॅगेतली जखमेची चिकटपट्टी तारेवर गुंडाळली. हँडल डावीकडे. शांत.

"मना अंगारामुळे गयी," चिमूटभर अंगारा उधळत भगत घाईने म्हणाला.

बाईंनी पट्टी सोडली. पोंऽऽऽ. "परत बोलावली. घालवा."

भगताने मूठ उधळली, दुसरी उधळली, थैली झटकली. अंगारा संपला, हॉर्न काही थांबेना.

भिकुबाईने डॉक्टरीणबाईंची बॅग उचलली. "चाल बाई."

दुपारी नात रडली, चांगली खणखणीत.

पुढे सुनंदाबाईंनी धुळ्याहून नवी डबी आणून बसवली, स्वतःच्या पैशाने. बाबांनो, जे आपोआप वाजतं ते आधी उघडून बघावं. पाया पडायला वेळ पुष्कळ असतो.

संध्याकाळी भगत दारात आला. अंगारा तर खर्ची पडला होता, कोंबडी नको का?

नातीला मांडीवर घेऊन भिकुबाई म्हणाली, "मनी कोंबडी गयी, नारळ गया, रुपया गया, नातू बी गया. झुलाल, तुनं काय गयं रे?"