तारेतला चेहरा

कान एका वळणात झालाय — तार गालावरून वर गेली, स्वतःभोवती फिरली आणि मानेकडे निघून गेली. मग जोड कुठंय? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक तारेला टेकेल इतके जवळ गेले. चाळीस वर्षं पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग केलं, कोसच्या कोस तांबं या बोटांतून गेलं, जोड माझ्यापासून कधी लपला नाही... पण इथे भुवईवरून नाकावर, नाकावरून ओठावर, तार आपली चाललीच आहे. बाईचा चेहरा, आणि आत नुसती हवा. पलीकडची खिडकी आरपार दिसते, तरी गाल भरलेला वाटतो. हे कसं काय जमवलं पोरीनं?

मुलगी आतल्या खोलीत खोकी बांधत होती. उद्या तिचं प्रदर्शन. "बाबा, आज तारेची जाडी, गेज सांगू नका हं," ती मघाशी म्हणाली होती, "चेहरा बघा." टोमणा बरोबरच होता. तिची पहिली तारेची माकडं, सायकली पाहून ते एवढंच बोलले होते, की चांगली तार फुकट घालवलीस. त्यानंतर वर्षानुवर्षं तिनं काही दाखवलंच नाही. आज दाखवत होती, आणि ते डोळ्यांत तेल घालून बघत होते.

कपाळाशी एक टोक सुटलेलं होतं. बोटभर, हवेत. घाईत राहिलं असणार... उघडं टोक ठेवू नये, हा तर कामाचा पहिला धडा. बोटांनी विचारलं नाही. टोक वळलं, दोन पीळ बसले, आत दाबलं गेलं.

"बाबा, काय केलंत?" ती दारात उभी होती.

"टोक राहिलं होतं तुझं. बसवून दिलं."

ती जवळ आली. "आईची बट होती ती. सारखी सुटायची."

म्हणजे ही — तीस वर्षं समोर वावरलेला चेहरा, आणि मी जोड शोधत बसलो. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पीळ उलगडले, पण तांब्यातली नागमोड जाईना.

"डोळ्यावर यायची की कानाकडे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाही आठवत?"

आठवतं म्हणता आलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "तू दाखव."

तिनं त्यांचं बोट धरून टोक डोळ्याकडे झुकवलं. अजून काय काय पाहिलं असेल पोरीनं, त्याच घरात, त्याच माणसाचं... मी समोर बसून जेवत असताना? त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि हनुवटीपासून पुन्हा बघायला सुरुवात केली.