न खाल्लेला लसूण

चार वर्षांच्या चतुराने बापाच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि विचारलं, "बाबा, तुमी लसणाची चटणी खाल्ली?"

कडूबाच्या हातात भाकरीचा तुकडा होता. रोज पहिला घास तो लेकीला भरवायचा, मग आपण खायचा. तो हसला. "कुठली चटणी, माय? घरात लसणाचं टरफल तरी हाय का?"

"मंग वास कशाचा येऊन राह्यला?" असं म्हणून तिने त्याच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटेपालटे केले. एकात काड्यापेटी निघाली, दुसऱ्यात प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली. "मला न्हाई आनली," ती रडवेली होऊन म्हणाली.

चुलीपुढे बसलेल्या बेबीनंदाने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. 

१९७३ सालचा फेब्रुवारी होता. जालन्यात माणसांच्या रांगा दोनच ठिकाणी दिसत, टँकरपुढे आणि रेशनच्या दुकानापुढे. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी मोडली की भुगा व्हायचा. बेबीनंदा गावाबाहेरच्या सरकारी खडी केंद्रावर दगड फोडायला जाई. दुपारी तिथे सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड भुगा, वाटत. ती अर्धी खाऊन अर्धी पदराच्या गाठीत बांधून लेकीसाठी आणायची. तेल दिव्यापुरतं होतं. फोडणी कशी असते हे घर विसरलं होतं. अशा घरात माणूस संध्याकाळी लसणाचा वास घेऊन येतो, याचा अर्थ एकच निघतो. तो कुठेतरी जेवून येतो.

कडूबा नववी शिकलेला. दोन वर्षांपूर्वी केदारखेड्याहून बायको-लेकीला घेऊन आला होता आणि सात महिन्यांपासून मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, एका खाजगी प्रयोगशाळेत मदतनीस होता. त्याच्या घराण्यात सावलीत बसून काम करणारा हा पहिलाच. तिथे ठेकेदारांनी पाठवलेल्या सुकडीचे आणि धान्याचे नमुने येत. त्यांत प्रथिनं किती हे काढायचं. एक ग्रॅम पीठ लांब मानेच्या चंबूत घालायचं, वर सल्फ्युरिक अ‍ॅसिड ओतायचं आणि उकळत ठेवायचं. पीठ आधी कोळशासारखं काळं होतं, मग तपकिरी, शेवटी पाण्यासारखं स्वच्छ. हे लवकर व्हावं म्हणून त्यात चिमूटभर सेलेनियम डायऑक्साइड टाकत. त्यामुळे तीन तासांचं काम एका तासात उरकायचं.

त्याची परदेशी बाटली श्रावणातच संपली. नवी आणायला आयातीचा परवाना मिळेना. तेव्हा अप्पाराव साहेबांनी, म्हणजे तिथल्या केमिस्टने, दुसरी तोड काढली. सेलेनियमची राखी पूड नायट्रिक अ‍ॅसिडात विरघळवायची, ते पाणी आटवायचं आणि खाली उरलेला पांढरा थर चिनी मातीच्या बशीत तापवायचा. तो न वितळताच त्याची पिवळट-हिरवी वाफ व्हायची आणि वर पालथ्या ठेवलेल्या नरसाळ्याच्या आत पांढऱ्याशुभ्र सुया जमायच्या. काचेवर साखर फुलावी तसं ते दिसे. त्या सुया खरवडून बाटलीत भरणं हे कडूबाचं काम. धूर बाहेर ओढणारा पंखा दिवाळीत जळाला होता. मोटर वाइंडिंगला दिली होती, ती अजून यायची होती.

कडूबाच्या बोटांची टोकं लाल झाली होती, मेंदी लावल्यासारखी. नखांखाली बिब्बा उतल्यागत आग व्हायची. पण हाताला अ‍ॅसिड लागायचंच, असं म्हणून त्याने ते अंगावर काढलं.

टँकरच्या रांगेत शेजारची सगुणाबाई बेबीनंदाच्या कानाशी लागली. कामाच्या वेळी चतुरा तिच्याकडेच असायची, त्यामुळे चटणीची गोष्ट तिला कळायला वेळ लागला नाही.

"बेबे, तुझा दादला कोनाच्या चुलीवर जेवतो गं?"

"कोनाच्या न्हाई."

"मंग मोंढ्यात हवा खाऊन लसणाचा ढेकर येतो का? आमच्या घरात तर बिलकुल येत न्हाई बाई!"

रांगेतल्या चार बाया हसल्या. बेबीनंदाने घागर उचलली ती अर्धी भरलेलीच.

त्या दिवशी कडूबाच्या ताटात अर्धी भाकरी आली.

"हे काय?"

"तुमचं भरलंच असंल की."

"बेबे, बाबासाहेबांची आन घेऊन सांगतो..."

"त्यांला मधी आनू नका. लेकराच्या तोंडचं बाहेर जाऊन खावा, असं त्यांनी शिकवलं न्हाई."

त्याने अर्ध्या भाकरीतला पहिला घास चतुराला भरवला. पुढचे आठ दिवस अर्धीच भाकरी मिळाली, आणि वास मात्र रोज थोडा वाढत गेला. कडूबा लिंबाच्या काडीने हिरड्या सोलेपर्यंत दात घासायचा. राखेने घासायचा, मिठाने घासायचा. आता आपल्याच तोंडात त्याला विळा चाटल्यासारखी लोखंडी चव लागे. कामावर नमुन्यांच्या सुकडीचे उघडे पुडे समोर असत आणि पोटात कावळे ओरडत. तरी त्यातला कण त्याने कधी तोंडात टाकला नव्हता. हे घरी सांगून उपयोग नव्हता. चोर असं कुठे सांगत नाही?

नवव्या दिवशी त्याच्या हातातून चंबू सुटला. अप्पाराव साहेब फुटकी काच चुकवत आले आणि त्यांनी त्याचा हात धरला. उजव्या हाताची दोन नखं मुळापासून सैल झाली होती. साहेब खाली वाकले आणि एकदम मागे सरले.

"लसूण खाल्लास?"

"साहेब, तुमी बी?"

 साहेबांनी घमेल्यात विष मारणारं हायपोचं पाणी कालवलं आणि त्याचे दोन्ही हात त्यात बुडवून धरले. "हे ह्या पांढऱ्या पुडीचं आहे, कडूबा. ती श्वासातून आत जाते, कातडीतून जाते. शरीर तिला बाहेर टाकायला बघतं, आणि बाहेर टाकताना तिचा असा वास येतो. तू काही खाल्लेलं नाहीस."

कडूबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण काही खाल्लेलं नाही, हे आज पहिल्यांदा दुसऱ्या कोणी म्हटलं होतं.

"याला दवा?"

"लांब राहणं. पंधरा दिवस, महिना. वास जाईल. नखांचं सांगता येत नाही."

"साहेब, एवढं एक चिठ्ठीवर लिहून द्या. घरी वाचून दाखवतो."

साहेबांनी पेन उघडलं. कागदावर तारीख घातली आणि तिथेच थांबले. "लिहिलं की तो कागद होतो रे. मालकाच्या हाती गेला तर पंखा का नाही लावला हे मला विचारतील. तुला तर विचारणारही नाहीत, उद्यापासून येऊ नको म्हणतील. जूनमध्ये तुला कायम करायचं चाललंय." पेन बंद झालं. "आणि ऐक. ह्या हातांनी पोरीला भरवू नकोस."

दुसऱ्या दिवशी कडूबा प्रयोगशाळेत गेलाच नाही. बायकोबरोबर खडी केंद्रावर गेला. वाटेने त्याने तिला सगळं सांगितलं. ती पुढे चालत राहिली. "पुडीचा लसूण," एवढंच म्हणाली.

मुकादम सर्जेराव ओळखीचा होता. "या साहेब," तो म्हणाला, "काचेचं काम सोडून दगडाकडं?" त्याने हातोडा दिला. दहाव्या घावाला एक नख निघून दांड्याला चिकटलं. कडूबाने हाताला चिंधी बांधली. दुपारपर्यंत चिंधी भिजली. मग पाट्या उचलायला घेतल्या, तर पाटीचा काठ उघड्या मांसात रुतायचा. बेबीनंदा दहा हातांवर होती. तिने त्याला पाणी पिताना पाहिलं, आपल्याशेजारी बसून सुकडी खाताना पाहिलं. दिवसभरात तो तिच्या नजरेआड झाला नाही. रात्री तिने त्याच्याकडे पाठ केली नाही, उशाशी बसून राहिली. दुसरा दिवसही तसाच गेला.

त्या संध्याकाळी सर्जेरावाने खडीचं माप घेतलं. बेबीनंदाचा ढीग मापात बसला. कडूबाचा ढीग तिच्या चौथाईही नव्हता. "भाऊ, वाईट वाटून घेऊ नको," सर्जेराव म्हणाला, "पर एवढ्यावर हजेरी लावली तर माझीच हजेरी जाईल. तुझे हात दगडाचे न्हाई राह्यले."

परतताना ओढ्याच्या कोरड्या पात्रात बेबीनंदा थांबली. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिने नवऱ्याची हनुवटी धरली, आपलं नाक त्याच्या तोंडाला लावलं आणि लांब श्वास घेतला. दोन दिवस तिच्या डोळ्यांदेखत त्याने भाकरी, सुकडी आणि पाणी यापलीकडे काही तोंडात घातलं नव्हतं. वास तसाच होता.

ती मटकन वाळूत बसली.

"खाल्ला असता तर बरं झालं असतं हो," ती म्हणाली. "कोनाच्या बी चुलीवर, कुठं बी. लसूणच खाल्ला असता तर..."

कडूबा या क्षणाची दहा दिवस वाट पाहत होता. आता तो आला होता आणि त्याचं काही करता येत नव्हतं. बराच वेळ दोघं तिथेच बसली. काय काय सोडता येईल हे बोलून पाहिलं. केदारखेड्यात विहिरी आटल्या होत्या. मोंढ्यात हमाली होती, पण पोतं धरायलाही बोटं लागतात. चंबू मात्र दोन तळव्यांत धरता येत होता.

सकाळी तिने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून त्याचं एकेक बोट गुंडाळलं आणि भाकरी बांधून दिली, पूर्ण. निघायच्या आधी तो टेकला तशी चतुरा धावत येऊन मांडीवर बसली आणि रोजच्या सवयीने तिने तोंड उघडलं.

कडूबाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माय भरविल," तो म्हणाला.

चतुरा तोंड उघडं ठेवूनच थांबली. मग तिने ते मिटलं आणि संशयाने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "काय लपवलं?"

"कायबी न्हाई."

"दाखवा."

त्याने हात पुढे केले. तिने चिंध्या गुंडाळलेली दहाही बोटं नीट पाहिली, ओणवून एकेकाचा वास घेतला आणि आईकडे वळून म्हणाली, "ह्यात हाय चटणी. बाबा देत न्हाई."

बेबीनंदाने तिला ओढून कडेवर घेतलं. कडूबाने किल्ली खिशात असल्याची खात्री केली आणि मोंढ्याची वाट धरली. पंखा अजून आला नव्हता.